चोरवडच्या नाक्यावर

मे महिन्यात दिलेली ती तापाची बंदूक
कपाळावर धरली की सगळ्यांनाच आजारी ठरवायची.
छेचाळीस अंशांत ट्रकच्या दारालासुद्धा ताप होता.
मग आम्हीच ठरवलं:
ड्रायव्हरनं निंबाखाली दहा मिनिटं बसायचं,
पाणी प्यायचं, मग कपाळ पुढे करायचं.
हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.

आता श्रावण. मी, भूगोलाची बाई,
वहीत गाड्यांचे नंबर उतरवते.
शंभर पावलांवर मध्य प्रदेश.
तिकडे रमजूची टपरी उघडी,
इकडे त्याच्याच भावाची बंद.

अमळनेरचा ड्रायव्हर, गाडीत केळी,
तोंडावरच्या गमछ्यातून विचारतो,
"बाई, रोग ते एकच शे ना?
मंग तठे उघडं, आठे बंद, आसं काबर?"

नववीतल्या पोरीनं परवा मोबाइलवर हेच विचारलं:
स्वीडनमध्ये शाळा चालू कशा?
न्यूझीलंडनं दारच कसं लावून घेतलं?
मी लिहिलं, बेट आहे म्हणून.
मग खोडलं. बेट तर इंग्लंडही आहे.

नकाशा रंगवून घेताना
मी कधी सांगितलं नव्हतं
की गुलाबी देशात म्हातारी माणसं एकेकटी राहतात,
हिरव्यात एका खोलीत नऊ जण,
पिवळ्याला मागच्या साथीतले मुडदे अजून आठवतात,
आणि निळ्याकडे डॉक्टरांपेक्षा शिपाई जास्त,
म्हणून तो शिपाईच पाठवतो.

ड्रायव्हरला केळीतूनच सांगितलं.
यंदा हरण्या आलाय ना बागांवर?
केऱ्हाळ्याच्या सुपडूआप्पांनी
सगळी बाग उपटून बांधावर टाकली,
रोपं महिन्याचीच होती.
लीलाधरची निसवणीला आलेली,
तो रोज पहाटे पान न् पान बघतो,
लागलेलं तेवढंच झाड काढतो.
त्याच्या शेजारचा नुसता फवारतो.
मावा मात्र कुणाचाच बांध ओळखत नाही.

"मंग खरा कोन शे?"

निसवल्यावर कळेल, म्हटलं,
आणि वर्गात देते तसं उत्तर दिल्यासारखं
उगाच बरं वाटलं.

तो हसला नाही.
"मी ते तिन्हीस्ना बांधवरथून गाडी लयी जास, बाई."

यावर माझ्याकडे काही नव्हतं.
कपाळ तपासलं. ताप नाही.
कुठून, कुठे, हे रकाने भरले.
'कारण' या रकान्यात
सकाळपासून सगळ्यांसमोर लिहिलं तेच लिहिलं:
केळी.

बांबू वर झाला.
शंभर पावलांवर जाऊन गाडी थांबली,
तो रमजूकडे चहाला उतरला.
इकडून रमजूचा भाऊ
बंद फळीवर बसून बघत राहिला.