पुरावा क्रमांक नऊ

अंगावर एकही जखम नाही, डॉक्टर म्हणाल्या.
फुफ्फुसांत पाणी, थोडी वाळू.
वकिलाने तेवढंच उचललं:
माझ्या अशिलाने त्याला बोटसुद्धा लावलं नाही.
इनेस लॉरिमर आपल्या पायांनी पळाला,
आपल्या पायांनी धक्क्यावरून उडी घेतली.
मारलं असेल तर समुद्राने.

समुद्राला समन्स निघत नाही.

आम्ही पंधरा जण बाकांवर.
मी डंडीत बूट दुरुस्त करतो, पोस्टामागच्या गल्लीत,
कायद्याशी संबंध दुकानाच्या परवान्यापुरता.
पण पिशवीतला तो डावा बूट
हातातून हातात फिरत माझ्याकडे आला
तेव्हा मला वाचता येणारं काहीतरी
त्या खोलीत पहिल्यांदा आलं.

टाच बाहेरून झिजलेली. ती वर्षांची सवय,
पोरगा जरा फेंगडा चालत असणार.
पण चवड्याची शिवण उसवलेली, नाकाचं कातडं सोललेलं,
ते ताजं. ते एका रात्रीचं.
जीव मुठीत धरून पळाला म्हणतात.
मुठीत नसतो.

कॅमेऱ्यात तिघं दिसतात, हसताना.
स्ट्रुअनच्या हातात सायकलची साखळी.
फिरवली, मारली नाही,
असं कुणीतरी फळ्यावर लिहून खाली रेघ ओढली.

न्यायाधीश म्हणाले, स्वतःला विचारा,
त्याची भीती वाजवी होती का?
टाच बदलायला चौदा पौंड, हे वाजवी.
भीतीचा दर मला ठाऊक नाही.

डावीकडे वळायचं होतं, गेडिसबाई म्हणाल्या,
तिकडे बसथांबा आहे, दिवे आहेत.
आम्ही नकाशावर बोटं फिरवली. चहा गरम होता.
सगळ्यांना डावीकडे वळता आलं.

मी बोललो नाही ते हे:
तागाच्या गिरणीमागे आम्ही चौघांनी
एकदा डूगलला पळवला होता. मी नऊ वर्षांचा.
हातात काही नव्हतं, माझ्या तरी.
तो भिंत चढला आणि पलीकडे पडला.
पलीकडे गवत होतं.
त्या गवताच्या जोरावर
मी पन्नास वर्षं निर्दोष आहे.

हात वर करा म्हणाले. मी केला.
मोजणाऱ्याने दोनदा मोजलं.

इनेसच्या आईने बूट परत मागितलाय म्हणे.
माझ्याकडे आला असता तर
आधी शिवण घालून दिली असती.

नाही. नसती घातली.