तीनशे बारा

आज दिवस उजाडला, हात नाही उजाडले.
बोटं मिटलेली, कच्च्या उंबरांसारखी टणक.
खाटेवरूनच म्हटलं, "अहो, गंजात पाणी ठेवा,"
आणि शालिकराव समजले.
"पुन्हा?" असं विचारलं नाही त्यांनी,
चुलीत दोन पऱ्हाट्या जास्त सारल्या.

दाराच्या मागे कॅलेंडर आहे.
गेल्या आषाढापासून रोज एक आकडा टाकते मी
शिसपेन्सिलीनं, मागचा मोडला नाही तर पुढचा.
जुनं वर्ष खिळ्यावरून उतरवलं
तेव्हा आकडा नव्यावर आणला, खाली न पाडता.
काल तीनशे अकरा झाले.

तेवढ्या दिवसांत
बरणीचं झाकण उघडलं.
माझी वेणी मीच घातली, मागून.
रेशनच्या मशीनवर अंगठा पहिल्या खेपेलाच लागला.
आणि पौषात, भगतांच्या सांदवाडीत,
उपड्या मडक्यावर चाळीस लांब रोट्या टाकल्या.

बाहेरच्याला सांगून कळत नाही ती रोटी.
कणीक इतकी सैल की पाण्याची सख्खी बहीण.
कोपरात आपटून आपटून तिला तार आणायची,
मग हातावर घेऊन झुलवायची;
बोटांवरून मनगटावर, मनगटावरून खाली
उतरत जाते ती, आपल्याच वजनानं.
आमच्याकडे परातही कोपर, हाताचं कोपरही कोपर.
रोटी एकातून निघते, दुसऱ्याला टेकते.
लोक म्हणायचे, लग्नाची तिथी काढा,
पण भटजीच्या आधी पंचफुलाबाईला विचारा.

नागपूरच्या डॉक्टरणीनं पहिल्या वर्षी समजावलं,
तुमच्या अंगातले राखणदार माणूस ओळखायला चुकतात, बाई.
म्हटलं, कळलं.
माझा दीर सुदाम रानडुकरांसाठी जागलीला बसतो.
एका अमावस्येला त्यानं रात्रभर
आपल्याच बैलाला गोटे हाणले.
सकाळी बैल लंगडत कोठ्यात आला.
सुदाम रडला ढसाढसा.
पण रात्र झाली की पुन्हा तोच गेला माचाणावर.
जागल सोडून कसं चालेल?

गोळी एकही चुकवली नाही मी.
रविवारची रविवारी, बाकीच्या बाकीच्या दिवशी.
तरी रात्रभर मागे मागे जात राहिले:
सोमवारचं ऊन? धुतलेली गोधडी?
की सुनेवर धरलेला तो राग?
तुळसाबाई म्हणते, "कोनाची नजर लागली वं तुले."
मोठी जाऊ म्हणते, "येवढ्या रोट्या कायले टाकाच्या होत्या?"
म्हणजे दुखणं माझं, आणि गुन्हाही माझाच.

आठ दिवसांवर भाचीचं लग्न. मी शब्द दिलेला.
फोन शालिकरावांनी कानाशी धरला.
"मोनाली, माहे हात नाही आले वं."
तिकडे कुकरची शिट्टी झाली, एक, दोन.
मग म्हणाली, "आत्या, तू तं ये.
हातायचं पाहू मंग."

दहाला मूठ अर्धी उघडली.
शालिकरावांनी वेणी घातली, बैलाला कासरा वळतात तशी.
हसू आलं, बरगडी दुखेपर्यंत.
मग पेन्सिल धरली, लहान पोरं धरतात तशी, अख्ख्या मुठीत.
वाटलं होतं, पुन्हा एकपासून.
बराच वेळ उभी राहिले, गुडघेही बोलायला लागले.
पाहिलं तर तिथे नुसते आकडेच होते;
चांगला, वाईट, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.
तीनशे बारा लिहिलं.
शेवटचा दोन कुशीवर पडलाय.

चुलीकडून शालिकराव विचारतात,
"वरणात मीठ किती?"
"चिमूटभर," म्हणते,
आणि दाखवायला हात वर करते.
बोटं जुळत नाहीत.
ते माझ्या हाताकडे पाहतात,
अंदाजानं टाकतात.