मेलेली भूक

सकाळी सहाला शिडी चढते.
एकशे ब्याऐंशी पायऱ्या. मोजते,
कारण मोजल्या नाहीत तर धाप जास्त लागते.
वर काचेची खोली, पायाखालीही काच,
काचेखाली ग्दिनियाचं बंदर.
डिसेंबरात इथे आठ वाजले तरी दिवे चालूच.

दोन्ही हात दांड्यांवर.
मी उचलते ते बरंचसं खाण्याचंच असतं:
इक्वेडोरची केळी, नॉर्वेचा गोठलेला मासा,
चाळीस फुटी डबा भरून बिस्किटं.
जहाजाच्या पोटातून काढायचं, ट्रकच्या पाठीवर ठेवायचं.
एकाचा वास आजवर वर आलेला नाही.

दहाला भूक लागते.
पोटात कावळे, काचेबाहेर कुरव,
कोण जास्त ओरडतं सांगणं कठीण.
पण उतरून परत चढायचं म्हणजे पाऊण तास,
आणि जहाजाचं भाडं तासावर.
बारापर्यंत भूक मरते.

मला वाटायचं, जिंकले.
पण मेलेली भूक जात नाही कुठे.
माझ्यामागून शिडी उतरते,
बसमध्ये शेजारच्या सीटवर बसते,
दारात माझ्याआधी बूट काढते.

मग फ्रिजचा उजेड.
अंगात कोट तसाच. उभ्या उभ्या
पातेल्यातला थंड बिगोस, डावानेच.
टिमोनसाठी झाकलेले सहा पिएरोगी,
पाच खाल्ल्यावर एकटा सहावा कशाला ठेवायचा.
ब्रेड, ब्रेडवर लोणी, लोण्यावर साखर,
परीक्षेच्या दिवशी आई द्यायची तशी.
चव कुठल्या घासाला होती, विचारू नका.

दारात टिमोन. उंचीने आता माझ्याएवढा.
"आई, बस," म्हणाला.
खाली बस, की आता बस?
मी दोन्ही केलं नाही.

क्रेनला कळतं.
ठरल्या वजनाच्या वर गेलं की घंटा वाजते,
दांडी कितीही ओढा, दोर हलत नाही.
घंटा माझ्यातही आहे,
पण ती वाजते तेव्हा पातेलं
बेसिनमध्ये पालथं असतं,
आणि मी पलंगावर, कुशीवर वळता न येणारी.

खालून इशारे देणारा झेनॉन
रोज दहाला खिशातून उकडलेला बटाटा काढतो.
पावसात, बर्फात, एकदा तर पोलीस आले होते तेव्हाही.
रेडिओवर विचारलं, तुला बरं सुचतं हे.
म्हणाला, "सुचतं कुठलं, बोगुमिवा, अल्सर आहे.
पोट रिकामं ठेवलं की ते मलाच खातं."

तेव्हापासून डाव्या खिशात एक अंडं,
उजव्यात राईच्या ब्रेडचा जाड तुकडा.
एक ट्रक गेला, दुसरा यायचा असतो,
मध्ये मिळतं दीड मिनिट.
तेवढ्यात चावते. खरंच चावते, दातांनी, मोजून नाही.
अंड्याची टरफलं हातमोज्यात राहतात,
दुपारी बोटांना टोचतात.

सगळं सरळ झालं असं नाही.
गुरुवारी वारा सुटला, क्रेन बंद,
बाराच्या आत घरी.
खिडकीशी बसून खसखशीचा अख्खा रोल संपवला,
पोटात अंडं असताना, ब्रेड असताना.
ती भूक नव्हती.
काय होतं ते शोधतेय अजून,
त्याला खिशात काय घालून न्यायचं, तेही.

काल मात्र कोट काढून खुंटीला लावला.
बसले. वाडगा घेतला, त्यात बीटचं सार,
वाफ विरेपर्यंत चमचा हातातच.
भूक समोरच्या खुर्चीवर होती,
जिवंत, लहानशी, पाय हलवत.
टिमोनने शेवटचा पिएरोगी माझ्याकडे सरकवला.
मी घंटेची वाट पाहिली.
वाजली की नाही, नीटसं कळलं नाही,
पण डबा घेतला, तो एक आत ठेवला,
आणि झाकण लावता लावता म्हटलं,
राहू दे. उद्या दहाला.