लिंग बदला

आगरवाड्यात फाल्गुन आधी पाण्याला कळतो.
पाय घालून पाहावा: पोटरीला ऊब,
घोट्याला अजून पौष.
या दोहोंच्या शिवणीत चोणक उभा असतो,
असं शाबलो म्हणतो.
पहिली दोन वर्षं तो मला काहीच म्हणत नव्हता,
नुसता तंबाखू थुंकायचा,
माझ्या सावलीच्या जरा अलीकडे.

मानस त्याची. पावणीत बोली लावून घेतलेली.
फळ्या कधी उचलायच्या, जाळं कधी बांधायचं,
खाजनातल्या पाण्याला घरी कधी सोडायचं,
ते सगळं तो ठरवणार.
मी बांधावरची. प्राथमिक शाळेची मास्तरीण,
बोटीवर गेलेल्या नवऱ्याची जुनी रॉड
आणि म्हापशाहून आणलेला प्लास्टिकचा मासा,
साडेचारशे रुपयांचा, डोळे रंगवलेले.
"ह्यो कोण खातलो गे बाय?"
शाबल्याने तो उलटासुलटा करून पाहिला
आणि जपून, दोन बोटांत धरून, परत दिला.

आज दशमी. भांग सरत आलाय.
पलीकडच्या वाड्यावर ढोल तापवतायत,
दोन ठोके, मग कोणीतरी शिव्या देतं, मग पुन्हा दोन.
वारा मिठागरावरून येतो तेव्हा ओठ खारट,
डोंगरावरून वळला की काजूचा मोहोर.
ओहोटी लागते ती दिसत नाही.
खांबावरची कालवं उघडी पडून
एकेक तोंड मिटतात, टिक्, टिक्,
आणि फळ्यांच्या फटीतून
सुंगटं, शेवट्यांची पिलं, वाट चुकलेली एक कुर्ली,
घंटा झाल्यासारखी सगळी एकदम बाहेर.

बाहेर काळोखात कोणीतरी थांबलेलं.

तिसऱ्या फेकीला पाणी फुटलं.
मला वाटलं बांधाचा दगडच कोसळला.
रीळ ओरडलं, हाताचं बोट दोरीखाली आलं,
आणि विजेरीच्या उजेडात तो वर आला,
अख्खा, गालफडं उघडून डोकं झाडत,
डोळे चुलीतल्या इंगळासारखे.
"खांब्याकडे सोडू नको! खांब्याकडे..."
शाबलो ओरडेपर्यंत तो खांबाकडेच गेलेला.
कालवांची धार मला माहीत आहे,
पायाच्या तळव्यावर तिची सही आहे.
दोरी हलकी झाली.
मी तरीही गुंडाळत राहिले,
शेवटचं टोक हातात येईपर्यंत.

शाबल्याने विडी पेटवली.
"तो न्हय. ती."
मग बराच वेळ काही नाही.
"ल्हान आसता तेन्ना सगळे दादले.
नदीत पाच-सात वर्सां काडली,
आंगाक वजन आयलां, काय बायल जातत.
ती पिकली बायल आसली."
इतकं सलग तो कधीच बोलला नव्हता.
मला तिच्या जबड्याचं वाईट वाटलं,
नंतर साडेचारशे रुपयांचं,
आणि घरी जाताना वाटेत पुन्हा जबड्याचं.
तिथे खाली, खांबांच्या मधे, ती फिरत असेल
माझे रंगवलेले डोळे तोंडात घेऊन.

सकाळी चौथीला व्याकरण.
फळ्यावर लिहिलं: लिंग बदला.
रेडा – म्हैस. बोका – भाटी.
पोपट – मैना, हे पोरांनी कुठून आणलं देव जाणे.
खडू धरला की बोटाची चीर चुरचुरत होती.
मग काय मनात आलं, शेवटी लिहून टाकलं: चोणक.
वर्ग गप्प. कोणी चोणकी लिहिलं,
एकाने चोणकीण, आणि लाजून खोडलं.
मागच्या बाकावरच्या युक्ताने,
शाबल्याच्या नातीने, वही पुढे सरकवली:

चोणक – मोठा चोणक.

लाल पेन हातातच राहिलं.
"बाई, चूक?"
"केवढा मोठा?" मी विचारलं.
तिने दोन्ही हात पसरले, आणखी पसरले,
बाकाच्या बाहेर,
शेजारच्या मिंगेलच्या नाकावर आपटेपर्यंत.