आठ रंगांची सरासरी

शारजात, औद्योगिक वसाहत नंबर तेरामध्ये
टायरवाल्याच्या माडीवर
मी दिवे मोजतो.
आतून पांढराफेक रंगवलेला एक पोकळ गोळा आहे,
माणूस उकिडवा बसेल एवढा.
दिवा आत टांगायचा, झाकण लावायचं,
बाहेर पडद्यावर डोंगर उमटतात:
निळ्याचा उभा सुळका,
पुढे पिवळ्याचं पसरट पठार,
आणि लालकडे उतरताना
कडाच तुटलेला.

शंभर म्हणजे ऊन.
ऐंशीच्या वर पास.
ही ऐंशी आठ रंगांची सरासरी असते,
आठही फिके: धुऊन धुऊन विटलेली अबोली,
उन्हात वाळत राहिलेला पोपटी,
कुणाशी भांडण नसलेले रंग.
नववा गडद लाल. तो धरत नाहीत.
दहावा गडद पिवळा. तोही नाही.
तेरावा नमुना माणसाच्या कातडीचा,
गोऱ्या माणसाच्या.
पुढे कधीतरी पंधरावा आला, जपानकडचा.
आमच्या विश्राम धुरीचा
अजून यायचा आहे.

विश्राम माझ्या खालच्या बंकवर झोपतो.
मूळचा वेंगुर्ल्याचा. इमारतींना काचा बसवतो.
खोलीत सहा माणसं आणि एक बल्ब,
तीन दिरहमचा, हळकुंडासारखा पिवळा,
कुणी कधीच न मोजलेला.
मीसुद्धा.

जूनमध्ये त्याला जेवण नको झालं.
उन्हाचं आहे, मी म्हणालो.
शाजीने ताकाची बाटली आणून दिली.
व्हिडिओवर सुलक्षणावहिनी म्हणाल्या,
काय हो, चांगलेच उजळलाय!
फोनचा कॅमेरा आपलं पांढरं आपणच ठरवतो.
खोली पिवळी दिसली
की सगळ्यावर थोडा निळा ओततो.
बल्ब कुठे संपला, माणूस कुठे सुरू झाला,
हे त्याला कोण सांगणार?

शुक्रवारी पहाटे खाडीच्या कठड्यावर
गरी टाकून बसलो होतो दोघं.
पलीकडच्या लाकडी गलबतांवर ऊन आलं,
मग पाण्यावर, मग आमच्यावर.
आमिषाचा डबा मागायला तो वळला
आणि मला त्याच्या डोळ्यांतलं
पांढरं सापडेना.

कावीळ झाली की जग पिवळं दिसतं
असं आपल्यात म्हणतात.
इथे जगच आधीपासून पिवळं होतं,
काविळीला लपायला
तेवढं पुरलं.

तो इस्पितळात असतानाच
टेबलावर एक दिवा आला.
दुसऱ्या एका इस्पितळासाठी, चारशे नग.
सरासरी त्र्याऐंशी.
नववा उणे अकरा, दहावा अठ्ठावन्न.
पास आहे की, हानीसाहेब म्हणाले,
त्यांनी एकच आकडा मागितलाय.
मी पंधराही छापले.
साहेबांनी कागद खिडकीपाशी नेला,
बराच वेळ बघत राहिले.
मग अरबीत स्वतःशीच काहीतरी बोलले
आणि कागद खणात ठेवला.
सही अजून झालेली नाही,
नकारही नाही.

त्या रात्री मी नमुन्यांच्या कपाटातला
सत्त्याण्णववाला दिवा खिशात घालून आणला.
चोरीच म्हणा.
तो लावला तेव्हा कळलं,
आमची भिंत हिरवट आहे,
शाजीची पांढरी लुंगी पांढरी नाही,
आणि लोणच्याच्या बरणीत
एवढं लाल होतं इतके दिवस.
वरच्या बंकवरून ओरडा झाला,
बंद करा रे, दुकानात झोपल्यासारखं वाटतंय.

अठरा दिवसांनी विश्राम परत आला.
आता रोज जेवणाआधी
त्या दिव्याखाली उभा राहतो,
बोटाने खालची पापणी ओढतो.
बघ, म्हणतो.
यंत्र कचेरीत असतं,
इथे मी तोंडानेच रीडिंग देतो.
पहिल्या दिवशी म्हणालो, सोनचाफा.
पुढच्या आठवड्यात केवडा.
काल नीट निरखून म्हणालो,
साय.

त्याने पापणी सोडली नाही.
गाईच्या दुधाची, म्हणाला,
की म्हशीच्या?