ओली पानं

किन्स्टन, नॉर्थ कॅरोलिना. जुलै.
औषधांच्या दुकानात, माझ्या काउंटरसमोर
एलिसेओ उभा आहे धाकटीला धरून.
मनगटालाच धरलंय, कारण तळवा काळा, चिकट,
डांबर फासल्यासारखा.

ती आत्ताच बाहेर ओकली,
पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर.
"ऊन लागलं," तो म्हणतो.
अंगात तिच्या कचऱ्याची काळी पिशवी,
डोक्याला एक भोक, हातांना दोन.

ऊन नाही रे, बाळा.
हा वास मी झोपेतसुद्धा ओळखेन.
सिन्नरला, कारखान्याच्या पडवीत
आई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची
आणि मी दोरा बांधायची,
शाळेआधी दोनशे, शाळेनंतर
दिवा लागेपर्यंत होतील तेवढ्या.
आमच्यापर्यंत येईस्तोवर तंबाखू मेलेली असायची,
सुकी, चुरलेली.
इथे ती जिवंत आहे, या पोरीहून उंच.
पहाटे पानांवर दव असतं,
पिशवीच्या आत घाम असतो,
आणि न ओढता, न पेटवता
ती कातडीतून आत शिरते.

"वय?"
"सोळा," तोच सांगतो तिच्या वतीनं.
मग माझ्याकडे बघून, "बारा.
पण शेतात बाराला चालतं."

चालतं. कायद्यात तशी सोय आहे.
पुढच्या काउंटरवर सिगारेटी आहेत.
त्या विकत घ्यायला यारेलीला
अजून नऊ वर्षं थांबावं लागेल.

मी तिला आतल्या बेसिनवर नेते.
साबण फिरतो, पाणी आधी तपकिरी, मग पिवळं,
मग पिवळंच राहतं.
ती काही बोलत नाही. तिला साबणाचा वास आवडलाय,
पुन्हा पुन्हा हुंगते.

एकदा आमच्याकडे तपासणीला साहेब आले होते.
मुकादमानं पढवलेलं मी धडाधडा म्हटलं,
काम नाही करत, आईला डबा द्यायला आलेय.
साहेबांनी माझी बोटं पाहिली,
दोऱ्यानं कापलेली,
आणि वहीत काहीतरी लिहिलं.
काय लिहिलं, ते कळलं नाही.
दुसऱ्या दिवशी दोरा तोच होता.

आता स्क्रीनवर रकाना आहे: कारण.
एलिसेओ माझ्या बोटांकडे बघतोय.

"ऊन लिहा ना," तो हळूच म्हणतो,
"उद्या परत जायचंय."