दोन शतांश कमी

सोहारला, बंदराच्या रस्त्यावर, टायरवाल्याच्या मागं
आमचं शेड. दोन लेथ, एक शेपर, एक एसी.
एसी माणसांसाठी नाही,
मोजायच्या खोलीसाठी.

शहदाद आला तेव्हा बुटांवर धूळसुद्धा नव्हती.
वय एकोणीस, सरकारी संस्थेचं प्रमाणपत्र,
अंगात पांढरी डिशडाशा.
म्हटलं, हे फडफडणारं आधी उतरव,
चक माणूस आणि लोखंड यांत फरक करत नाही.
हसला. त्याची हिंदी सिनेमातली, माझी कोल्हापूरची,
मधल्या फटीत आम्ही हातानं बोलायचो.

पहिले दोन महिने नुसती कानस.
एक ठोकळा दिला: सहाही बाजू काटकोनात आण.
रोज घासायचा, रोज गुण्या लावून उजेडाकडं धरायचा,
रोज कुठूनतरी उजेड यायचाच.
"उस्ताद, मशीन असताना हे कशाला?"
हाच प्रश्न मी उद्यमनगरातल्या मिस्त्रीला विचारला होता.
उत्तर कानाखाली मिळालं.
शहदादला मी थंड लबानची बाटली आणून दिली.

मग आठवेल तसं शिकवलं.
आटे पाडताना बोलायचं नाही.
टूल किंचाळलं तर ऐकायचं, ते खरं बोलतं.
निळी चीप देखणी असते, हात लावू नकोस.
एक सूत म्हणजे तीन मिलिमीटर आणि वर थोडं;
आमच्याकडं सुतावरून स्वर्ग गाठतात,
इथं एका सुतात तीनशेवर घरं,
आणि तुला त्यातल्या एकाच घरात जायचंय.

आणि गरम जॉब मोजू नकोस.
तापलं की लोखंड फुगतं, थापा मारतं.
थंड होऊ दे. चहा पी. मग मोज.
कापलेलं परत चिकटवता येत नाही.

सुपरवायझर मला 'मिस्टर माल' म्हणायचा,
मालगोंडा त्याच्या तोंडात मावायचं नाही.
अरबीत माल म्हणजे संपत्ती, शहदादनं सांगितलं.
आमच्याकडं माल म्हणजे ट्रकमधून उतरतो तो.
मंगळवारी हातात आलेल्या कागदावर मात्र
अख्खं नाव होतं, स्पेलिंग पहिल्यांदाच बरोबर.
जागा स्थानिक उमेदवारासाठी. व्हिसा ऑक्टोबरअखेर.
उमेदवार.
आमच्याकडं शिकाऊ पोरालाही उमेदवारच म्हणतात.
मी सात वर्षं होतो.

कागद खिशात घातला. चकात पंपाचा शाफ्ट,
साठ मिलिमीटर, शेवटचा कट. बाहेर सेहेचाळीस डिग्री.
मोजला, बरोबर आला, उतरवून ठेवला.

शहदादनं तो रात्रभर मोजायच्या खोलीत ठेवला.
सकाळी मायक्रोमीटर लावला,
तीनदा, तीन जागी.
मग लाल खडूनं फुली मारली
आणि माझ्याकडं न बघता म्हणाला,
"दोन शतांश कमी, उस्ताद."
जरा थांबून, "गरम असताना मोजला होता?"

कोण बोलणार. कंप्रेसरच बोलत होता.
सव्वीस वर्षांत माझ्या जॉबवर फुली नव्हती.
राग आला, खोटं कशाला सांगू.
मग ती फुली नीट बघितली:
दोन्ही रेघा सरळ, एकमेकींना काटकोनात.
कानशीनं घडवलेला हात.

वेल्डिंगचा थर चढवून शाफ्ट त्यानंच परत लावला.
मी बाजूला उभा. एक सांगायचं राहिलं होतं.
हँडल उलटं फिरवलंस ना, म्हटलं,
तर पहिला पाव फेरा रिकामा जातो.
हात फिरतो, टूल जागचं हलत नाही.
मशीन बिघडलं असं वाटतं, बिघडलेलं नसतं.
आट्यांत मोकळी जागा असते, वापरून वापरून वाढलेली.
मागं येताना आधी ती भरावी लागते.

"किती फिरवायचं?"
मशीन किती जुनं त्यावर, म्हटलं,
आणि बायकोचा फोन मघापासून वाजत होता,
तारीख विचारायला,
तो उचलला.